काडी खरवडून बघा

पत्र:

नमस्कार ताई,

आमची डोंबिवलीची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. आम्ही तळमजल्यावर राहायचो. मागच्या बाजूला बाबांनी १९९८ साली गावाहून फांदी आणून लावलेला गावठी गुलाब होता, गुलाबी, वासाचा. बाबा आता नाहीत. १ मेच्या सुट्टीला माळीदादांना बोलावून तो उकरून काढला आणि भाड्याच्या घरी, पाचव्या मजल्यावर, १४ इंची कुंडीत लावला. लाल माती, कोकोपीट आणि शेणखत सारखं घेतलं, वर मूठभर डीएपी (रासायनिक खत) टाकलं. सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. कुंडीखाली ताटली आहे. गॅलरी पश्चिमेची. चार-पाच दिवसांत पानं पिवळी पडून सगळी गळाली. मग दोन ठिकाणी लालसर कोंब आले, केवढा आनंद झाला, पण आठवड्याभरात तेही काळे पडले. आता नुसत्या काड्या उरल्यात आणि त्याही शेंड्याकडून तपकिरी होत चालल्यात. नर्सरीवाले म्हणतात टाकून द्या, दुसरं देतो. शेजारच्या काकू एप्सम सॉल्ट घालायला सांगतात. घरच्यांचं म्हणणं, माती बदलून पुन्हा लावू. काय करू? जगेल का?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

नमस्कार,

पत्र वाचून झाल्यावर आधी एक काम करा, मग पुढचं वाचा. गॅलरीत जा, सगळ्यात जाड काडी धरा आणि मातीपासून वीतभर उंचीवर नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर अजून खाली, अगदी बुंध्याशी खरवडून बघा. प्रत्येक काडी वेगळी तपासा, कारण गुलाबाच्या काड्या एकेक करून जातात, सगळ्या एकदम जात नाहीत. एकाही काडीत बुंध्यापाशी हिरवं असेल तर नर्सरीवाल्यांचं ऐकू नका.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीने मला खूप धीर आला. 'गावाहून फांदी आणून लावलेला.' म्हणजे हा गुलाब स्वतःच्या मुळांवर वाढलेला आहे. नर्सरीत मिळणारे मोठ्या फुलांचे गुलाब बहुतेक डोळा भरलेले असतात, म्हणजे खाली जंगली गुलाबाचा खुंट आणि वर हव्या त्या जातीचा डोळा. तसं झाड वरून मेलं आणि खालून फुटलं तर ती फूट खुंटाची निघते, आपला गुलाब गेलेला असतो. तुमच्या झाडात खुंट असा वेगळा नाहीच. उद्या वरच्या सगळ्या काड्या वाळल्या आणि महिन्याभराने मातीतून एक कोंब वर आला, तरी तो बाबांनी लावलेलाच गुलाब असेल. तोच रंग, तोच वास. म्हणून सगळं वाळलंय असं वाटलं तरी गणपती होईपर्यंत ही कुंडी रिकामी करू नका.

आता झालं काय ते सांगते, कारण ते कळलं की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

जमिनीत पंचवीसेक वर्षं राहिलेल्या गुलाबाची मुळं लांबवर गेलेली असतात. आपण उकरतो तेव्हा हाताला लागतात ती बुंध्याजवळची जाड, लाकडासारखी मुळं. झाडाला धरून ठेवायचं आणि अन्न साठवायचं काम त्यांचं. पाणी ओढून घेतात ती मात्र टोकाकडची कोवळी, पांढरी तंतुमुळं, आणि ती जवळपास सगळी तुमच्या जुन्या अंगणात राहिली. झाड कुंडीत आलं तेव्हा वर सगळा पालेभार होता आणि खाली पाणी ओढायला कुणी नव्हतं. त्यात मे महिना आणि पश्चिमेचं ऊन. पानांतून पाणी उडत राहिलं असतं तर काड्याही सुकल्या असत्या, म्हणून झाडाने पानं टाकली. त्या पानगळीला मी आजार म्हणणार नाही. झाडाने स्वतःला वाचवायला केलेलं ते पहिलं काम.

मग ते दोन लालसर कोंब. तिथे बहुतेक सगळे फसतात. कोंब फुटला म्हणजे मूळ धरलं असा आपला समज असतो, पण पहिले कोंब काडीत साठलेल्या अन्नावर आणि ओलाव्यावर फुटतात. फुलदाणीत ठेवलेल्या गुलाबाच्या दांड्यालाही कधी कधी असा कोंब येतो, त्याला मुळं कुठे असतात? साठा संपेपर्यंत खाली नवी मुळं तयार झाली नाहीत की तो कोंब काळा पडतो. तुमच्याकडे तेच झालं. यात झाडाची थोडी शक्ती खर्च झाली, एवढंच. मूळ धरल्याची खरी खूण वेगळी असते. कोंबाची पानं उघडून पूर्ण आकाराची होतात, लाल-तांबूस रंग जाऊन हिरवी, टणक होतात आणि दुपारी दोन वाजताही मान टाकत नाहीत. अशी पानं दिसेपर्यंत झाड अजून खाटेवर आहे असंच समजा.

आता तुमच्याकडून झालेल्या दोन गोष्टींबद्दल. रागावत नाही, कारण या दोन्ही गोष्टी मायेपोटीच होतात.

पहिली, डीएपी. खत म्हणजे शेवटी क्षार. मातीच्या पाण्यात क्षार वाढले की मुळाला पाणी ओढणं जड जातं, आणि फार वाढले तर मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. धडधाकट झाड थोडंफार सोसतं. ज्याची मुळं नुकती तुटलीत, ज्याला ताज्या जखमा आहेत, त्याला मूठभर डीएपी म्हणजे जखमेवर मीठ. मातीवर अजून दाणे दिसत असतील तर वरची बोटभर माती चमच्याने काढून टाका. मग दोघांनी मिळून कुंडी बाथरूममध्ये न्या आणि दोन बादल्या साधं पाणी थांबून थांबून, खालून वाहून जाईल असं ओता. क्षार बरेचसे धुऊन जातील. पाणी पटकन खाली जात नसेल तर कुंडी आडवी करून तळाची भोकं काडीने मोकळी करा, बरेचदा कोकोपीट नाहीतर मातीचा गोळा तिथे बसलेला असतो. हे धुणं एकदाच करायचं, दर आठवड्याला नाही.

दुसरी, पाणी. पान नसलेलं झाड फारच कमी पाणी पितं, कारण पाणी उडायची जागाच उरलेली नसते. वरून ऊन कडक म्हणून आपण पाणी वाढवतो, ते सगळं कुंडीत साचतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कोकोपीट यात फार फसवतं, वरून भुरभुरीत कोरडं दिसतं आणि खाली चार बोटांवर चिंब असतं. म्हणून वरून बघून पाणी घालू नका. बोट दोन पेरं आत घाला, किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी कडेने चार बोटं खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा. काडी ओली आली, माती चिकटून आली, तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी आली तर सकाळी एकदा, खालून थेंब पडेपर्यंत. तुमच्या कुंडीला बहुधा दोन-तीन दिवसांनी एकदा पुरेल, पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, काडी सांगेल तसं करा. ताटली आजच काढा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा.

माती बदलून पुन्हा लावायचं म्हणताय, ते कृपा करून करू नका. शेणखत जरा जास्त झालंय हे खरं, मी तिसऱ्या भागाऐवजी पाचवा भाग घेतला असता. पण आता तीन आठवड्यांनंतर आत कुठेतरी भाताच्या शितापेक्षाही नाजूक मुळं फुटत असतील, नाहीतर फुटायच्या तयारीत असतील. मी पुण्यात एक झाड असंच घालवलं आहे. भाड्याचं घर सोडताना अंगणातला गुलाब उकरून आणला होता, एप्रिलमध्येच. मूळ धरलं का हे बघायला दर चार-पाच दिवसांनी मी तो हलकेच उचलून बघायची. एकदा पांढऱ्या तंतूंची टोकं दिसलीसुद्धा. उचलताना ती तुटली, आणि पुन्हा आली नाहीत. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण नव्या कुंडीत लावलेल्या झाडाला मी अजून हात लावत नाही. कुंडीला आंबूस, कुजका वास येत असेल आणि भोकं मोकळी करूनही पाणी उतरत नसेल, तरच माती बदलायचा विचार करा. एरवी नाही.

झाड हलतं का तेही बघा. पाचव्या मजल्यावर वारा असतोच. बुंधा डुगडुगत राहिला की नवी मुळं रोज तुटतात. दोन बांबूच्या काठ्या रोवून सुती चिंधीने बुंधा त्यांना बांधून टाका. तार नको.

ऊन. एरवी गुलाबाला पाच-सहा तास थेट ऊन हवं, हे अगदी खरं, पण ते मुळं असलेल्या गुलाबाला. तुमच्या झाडाला सध्या उजेड हवा, ऊन नको. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी तीन ते सहा कुंडीची भिंतच इतकी तापते की कडेची मुळं भाजतात. कुंडी रेलिंगपासून आत, भिंतीला लागून घ्या. समोर हिरवी शेडनेट किंवा जुनी सुती साडी बांधा. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर आतली माती चांगलीच थंड राहते, आमच्याकडे कडक उन्हाळ्यात मी हेच करते. सकाळी काड्यांवर पाण्याचा हलका फवारा मारा, साल सुकत नाही. खरी पानं आली की दर चार-पाच दिवसांनी कुंडी थोडी थोडी उजेडाकडे सरकवा. एकदम बाहेर ठेवलीत तर ती कोवळी पानं करपतील.

आता कात्री. उकरलं त्याच दिवशी वरचा निम्मा भार छाटायला हवा होता, म्हणजे उरलेल्या मुळांना झेपला असता. ते राहिलं, पण आता तरी तपकिरी भाग तसाच ठेवू नका. गुलाबात शेंड्याकडून सुरू झालेली मर बऱ्याचदा बुरशीमुळे असते आणि ती काडीतून खाली खाली उतरत जाते. आधी कात्री स्पिरिटने पुसा. तपकिरी संपून हिरवं सुरू होतं तिथून आणखी बोटभर खाली, बाहेरच्या दिशेने असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरपा काप घ्या. कापलेल्या जागी आतला गाभा पांढरा किंवा पोपटी दिसला पाहिजे. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी खाली कापा. कापांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पाण्यात कालवलेली दाटसर पेस्ट ब्रशने लावा, खताच्या दुकानात मिळतं, हाताला लागू देऊ नका. काडी बुंध्यापर्यंत वाळली असेल तर बुंध्यातूनच काढा. शेवटी तीन-चार वीतभर खुंट्या उरल्या तरी घाबरू नका. दिसायला वाईट दिसेल, पण झाडाला सांभाळायला तेवढंच असेल.

या छाटणीत जाड पेन्सिलीएवढ्या, हिरव्या काड्या निघाल्या तर त्या टाकू नका. बाबांनी केलं तेच तुम्ही करा. गावठी गुलाब फांदीवरून सहज लागतो, डोळा भरलेल्या मोठ्या फुलांच्या जाती तितक्या सहज लागत नाहीत. सहा-आठ इंचांचे तुकडे करा, प्रत्येकावर चार-पाच डोळे राहतील असे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरचा तिरपा. वरखाली उलटं होऊ देऊ नका, खूण म्हणून मी वरच्या टोकाला हळद लावून ठेवते. निम्मी वाळू आणि निम्मी माती भरलेल्या पिशवीत दोन डोळे आत जातील इतकं खोचा आणि सावलीत ठेवा. खत अजिबात नाही. जूनची दमट हवा यासाठी फार चांगली. सहा लावलेत तर दोन-तीन लागतील अशी आशा ठेवायला हरकत नाही. लागलं की एक भावाबहिणीकडे द्या. एकाच घरात, एकाच कुंडीत सगळा जीव गुंतवू नये, असं मला या झाडाच्या बाबतीत फार वाटतं.

काकूंच्या एप्सम सॉल्टबद्दल. ते मॅग्नेशियम सल्फेट. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो तेव्हा ते उपयोगी पडतं. तुमच्या झाडाला आत्ता पानच नाही, आणि तेही शेवटी क्षारच. केळीच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, ताक, यातलंही काही आत्ता नको. आजारी माणसाला कुणी श्रीखंड-पुरी वाढत नाही. पहिलं खत कधी? पूर्ण वाढलेली, टणक हिरवी पानं आली की त्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि तेही गांडूळखत एक मूठ, कडेने. पुढच्या महिन्यात निंबोळी पेंड दोन चमचे. यंदा एवढंच. आणि कळी आली तर खुडून टाका. जीवावर येईल, ठाऊक आहे मला. तरी पहिल्या दोन कळ्या खुडाच, फूल आणि मूळ दोन्ही एकदम पोसायची ताकद त्याच्यात अजून नाही.

पाऊस आला की कुंडी आडोशाला घ्या. मुंबईकडे साधारण ११ जूनच्या आसपास मोसमी पाऊस येतो, म्हणजे तुमच्या हाताशी थोडेच दिवस आहेत. दमट हवा झाडाला मानवेल, पण गॅलरीत आडवा येणारा पाऊस कुंडी रोज भरून टाकेल. पावसात नव्या पानांवर काळे गोल ठिपके आणि भोवती पिवळं दिसलं तर ती पानं लगेच तोडून, खाली पडलेलीही उचलून कचऱ्यात टाका, मातीवर राहू देऊ नका. तो बुरशीचा रोग आहे आणि पानं तासन्‌तास ओली राहिली की पसरतो. म्हणून फवारा सकाळीच मारायचा, संध्याकाळी कधीच नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळे गुलाबाची छाटणी करतात, छाटल्यावर साधारण दीड महिन्याने फुलं येतात. तुम्ही यंदा कडक छाटणी करू नका, वाळकं-काटकं तेवढं काढा. थंडीत एखादं फूल येऊ द्या.

हे सदर वाचणाऱ्या, पण नर्सरीतून आणलेला गुलाब कुंडीत लावून अडकलेल्या मंडळींसाठी थोडं वेगळं सांगते. पिशवीतला मातीचा गोळा बऱ्याचदा चिकणमातीचा, दगडासारखा घट्ट असतो. तो तसाच कोकोपीटच्या हलक्या मातीत ठेवला की घातलेलं पाणी गोळ्याला वळसा घालून भुसभुशीत मातीतून खाली निघून जातं. कुंडी ओली आणि गोळा कोरडा, अशी स्थिती होते. बाहेर बोट घालून काहीच कळत नाही. लावायच्या आधी पिशवीसकट गोळा बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवावा, लावल्यावर पहिला महिनाभर पाणी बुंध्याशीच घालावं, आणि कुंडीतल्या मिश्रणात साधी माती निम्म्याहून कमी नसावी. गोळा फोडू मात्र नका. आणि डोळा भरला तिथली बुंध्याजवळची गाठ मातीच्या वर ठेवा, म्हणजे गाठीच्या खालून येणारी खुंटाची फूट वेळेत दिसेल. ती दिसली की मुळापाशी ओढून काढायची.

पुन्हा तुमच्याकडे येते. जगेल का, असं विचारलंत. बुंध्यात हिरवं असेल तर जगायची शक्यता चांगली आहे. नसेल तरीही पावसाळाभर थांबायचं. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. जी मुळं तुटून मागे राहिली, ती जुन्या अंगणाच्या मातीत अजून आहेत. स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या गुलाबाच्या अशा राहिलेल्या मुळांतून कधी कधी कोंब वर येतो. तिथे अजून जेसीबी लागला नसेल, तर पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी वॉचमनना विचारून एकदा मागच्या बाजूला जाऊन या. झाड होतं त्याच्या भोवती दोन-तीन हातांपर्यंत नीट बघा, गवतात काट्यांची तांबूस फूट दिसते का. दिसली तर उपटू नका. खुरप्याने वीतभर खोल, मातीच्या गोळ्यासकट काढा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि संध्याकाळच्या आत छोट्या कुंडीत, सावलीत लावा. जाताना खुरपं आणि एक मोठी पिशवी बरोबर असू द्या.